रागावण्याची तालीम

दार उघडलं तर समोर एक उंच माणूस. डोक्याला शाम्पूचा फेस, खांद्यावर टॉवेल, आणि चेहऱ्यावर राग आणायची मनापासून धडपड.

"तुमच्याकडून... म्हणजे बघा... वर धूर येतोय," तो म्हणाला. "तक्रार नाही हां. आपलं कळवायला आलो."

मागे स्वयंपाकघरात करपलेलं दूध होतं आणि त्याच्यापाशी सतरा वर्षांची एक मुलगी. आम्ही तिला वकील म्हणायचो, कारण तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. "चूक दुधाची आहे!" ती आतून ओरडली.

मला हसू आवरेना. मग मी त्याला सगळं समजावलं. आईवडिलांपासून तुटून परक्या संगोपन कुटुंबांत वाढलेली मुलं अठरा वर्षांची झाली की त्यांना एकटं राहावं लागतं. त्याआधी त्यांनी दोन-दोन आठवडे या फ्लॅटमध्ये राहायचं आणि गॅस, किल्ल्या, दवाखाना, घरमालक सगळ्यांशी जुळवून घ्यायला शिकायचं. शिकवते मी. वय सत्तावीस, आणि मीही अशाच चार घरांत वाढलेली.

"शेजारी भांडायला आला तर कसं बोलायचं, हाही एक धडा आहे," मी म्हणाले. "दर वेळी नव्या मुलांवर येऊन जरा खोटंखोटं ओरडाल का?"

"मला ओरडता येत नाही हो."

"मी शिकवते ना."

झालं. आमची तालीम सुरू झाली, जिन्यात. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. संध्याकाळी आला की पायरीवर उभा राहून रागवायचा.

"भुवया वर. आणखी वर... अहो, हे हसणं झालं!"

"तुमच्याकडे बघून राग कसा येईल?"

"मग भिंतीकडे बघा."

"भिंतीकडे बघायला एवढा जिना उतरून कोण येतं?"

मी पटकन कठड्यावरची धूळ झटकायला लागले. कठड्यावर धूळ नव्हती.

मुलांसमोर त्याची आणखीच फजिती. "काय गोंधळ चाललाय हा!" असं ओरडायचा आणि लगेच वाकून विचारायचा, "घाबरलीस का गं?" वकील तोवर अठराची होऊन स्वतःच्या खोलीत राहायला गेली होती, पण नव्या मुलांना धडे द्यायला न चुकता यायची. "दादा, तुम्ही नापास," ती दर वेळी जाहीर करायची, आणि तो खुशीत मान डोलवायचा.

असे आठ महिने गेले. जिन्यात कुणाचीही पावलं वाजली की मी कान टवकारायचे. मी त्याच्या प्रेमात पडले होते, सपशेल.

एका गुरुवारी तो तालमीला आला, पण पायरीवर नुसताच बसून राहिला.

"साहेब दुसऱ्या शहरात दुकान काढतायत. मी सांभाळावं म्हणतात. शनिवारपर्यंत कळवायचंय." थोडं थांबून त्याने विचारलं, "जाऊ?"

"चांगली संधी आहे," मी म्हणाले.

 तो तालीम न करताच उठून वर गेला.

नऊ वर्षांची असताना मी त्या चारपैकी एका घरातल्या काकूंना म्हणाले होते, "मला ठेवून घ्या ना." काकू रडल्या, पण मला पुढच्या घरी न्यायला गाडी वेळेवर आली. त्यानंतर मी कुणालाही थांबवलेलं नाही. जाणाऱ्याला हसून निरोप देण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

वकिलाने शनिवारी सकाळी झालेलं सगळं माझ्याकडून वदवून घेतलं आणि मला खुर्चीत बसवलं. "ताई, हवं ते सरळ मागायचं, हा धडा तुमचाच ना? मी वरचे दादा. मागा."

"वेडी आहेस का?"

"मागा!"

"...जाऊ नका."

"दादांचे कान जिन्यापलीकडे आहेत. मोठ्याने!"

चौथ्या खेपेला तिने मला पास केलं आणि अक्षरशः दाराबाहेर ढकललं.

त्याने दार उघडलं. हातात फोन होता.

"जाऊ नका," मी म्हणाले.

"अरे वा, नवा धडा?" त्याचा चेहरा खुलला. "मी कोण, घरमालक?"

"तुम्ही तुम्हीच."

"बरं. आवाज चांगला लागलाय. पण समोरचा विचारेल, का जाऊ नको? तेव्हा काय म्हणाल?"

"तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. काम होईल, जेवण होईल, सगळं होईल... पण मी संध्याकाळची वाट कशासाठी बघू?"

"छान... अगदी खरं वाटतंय." त्याचा आवाज जरा उतरला होता. "फक्त भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून बोला."

"ते मला जमत नाहीये," मी म्हणाले. "ही तालीम नाहीये."

तो एक पाऊल पुढे आला. 

"परत म्हण," तो हळूच म्हणाला.

"जाऊ नकोस."

माझ्यावरची नजर न हटवता त्याने फोन लावला. "साहेब... मला नाही जमणार." पलीकडून आवाज चढला, तसा तो आमच्या मुलांसारखाच गडबडला. "कारण सांग," मी कुजबुजले.

"कारण... माझं माणूस आहे इथे."

माझं माणूस! मी चार घरांत राहिले, पण हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी चौकट घट्ट धरली.

"माणूस म्हणजे? लग्न कधी केलंस?" साहेबांचा प्रश्न मलाही स्पष्ट ऐकू आला.

त्याने फोनवर हात दाबला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. "काय सांगू?"

"अजून नाही म्हण," मी डोळे पुसत म्हणाले. "पण... करणार आहे म्हण."

त्याने शब्दन् शब्द तसाच सांगितला.