पुसलेला क्रूस

आइनार आईला फोटो पोचवायला निघाला तेव्हा साडेचार वाजले होते. दुपारचे. पण तारीख एकवीस डिसेंबर, म्हणजे एस्टोनियाच्या आपल्या या कोपऱ्यात तेव्हा मिट्ट काळोख.

"गेल्या वर्षीची गोष्ट," शेगडीभोवती बसलेल्या पोरांना एल्मारकाका म्हणाले. "आइनार माझा शेजारी. पदरचं काही घालत नाही."

"मागच्या खेपेला बोलणारा कोल्हा भेटला, तोही तुमच्या शेजाऱ्यालाच ना?" केर्तू म्हणाली. बाकीची पोरं हसली. काकांनी शेगडीत लाकूड सरकवलं आणि हसू संपायची वाट पाहिली.

आइनार जंगलाचे फोटो काढायचा. फक्त हिवाळ्यातले. वारा पडलेला हवा, आभाळ चौकटीबाहेर हवं आणि झाडांच्या रांगेत डावीकडे थोडी मोकळी जागा हवी. बघणाऱ्याच्या नजरेला आत शिरायला. त्या डिसेंबरात त्यानं गावच्या वाचनालयात बारा फोटो लावले. लोक मोठ्यानं बोलत यायचे आणि एका फोटोपुढे आले की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. कुणी टोपी काढायचं. "यात चालत जावंसं वाटतं," जो तो म्हणायचा.

तो फोटो दफनभूमीच्या वाटेवरच्या एका पाइनचा होता. इथे प्रेत नेताना वाटेत झाडावर क्रूस कोरतात. मेलेला माणूस घरी परत निघालाच, तर ती खूण बघून झाडापाशीच थांबतो. नोव्हेंबरात आइनारचा धाकटा भाऊ ताउरी तळ्यावरचा कोवळा बर्फ फुटून बुडाला. त्याचा क्रूस आइनारनंच कोरला होता.

"म्हणजे फोटोत तो क्रूस आहे?" केर्तूनं विचारलं.

"नाही. पुसला. कॉम्प्युटरवर. वरची साल उचलून त्यावर चिकटवली. एवढ्या करड्या-पांढऱ्यात तो पिवळा ताजा घाव... नजर तिथंच जाऊन आपटते, शांतता मोडते, असं तो म्हणायचा." काकांनी आवाज उतरवला. "मला विचाराल तर, त्यालाच तो बघवत नव्हता."

त्यांची आई लेइदा वाचनालय बंद होईपर्यंत त्या फोटोपुढे उभी होती. शेवटी म्हणाली, "लोकांना आत जावंसं वाटतं म्हणे. मला वाटतं, आतून कुणीतरी बाहेर येईल." मग म्हणाली, "हा मला दे."

तोच फोटो मागच्या सीटवर ठेवून आइनार निघाला होता. वाटेत पाइन लागला. गाडीच्या उजेडात क्रूस दिसेना. बर्फ चिकटला असेल म्हणून तो उतरला. हातमोजा काढून खोड चाचपलं.

साल अखंड होती.

वर एक गाठ होती. मधोमध चिरलेली. आणि वीतभर खाली... तीच गाठ. तोच आकार, तीच चीर. फोटोत त्यानं चिकटवली होती, तश्शी.

घरी पोचला तर दार सताड उघडं. बाहेर उणे अठरा, आणि आई आत कोट घालून बसलेली.

"आई, डोकं फिरलं का तुझं? सगळी ऊब चालली बाहेर!"

"चालू दे. बूट काढ आधी, फरशी आत्ताच पुसलीय. ताउरी बघ, कधी अशी घाण करत नाही."

"ताउरी नाहीये, आई."

"थांब की जरा. त्याला नेहमीच उशीर होतो."

तिनं फोटो दारासमोर टांगला. पावणेसहा झाले.

फाटकाची कडी वाजली.

अंगणात बर्फ करकरला. एक पाऊल. मग काही नाही. मग दुसरं...

आईचा चेहरा उजळला. महिन्याभरात पहिल्यांदा.

पायरीवर बूट आपटले. बर्फ झटकायला आपटतात, तसे. दारात कुणीच नव्हतं. तळ्याच्या पाण्याचा वास मात्र आत आला.

"ये ना रे," आई म्हणाली. "ये, बाळा..."

काही नाही.

"आत येववत नाही का? बरं. मीच येते."

ती उठली. दाराकडे निघाली. आइनारनं तिला कमरेला धरलं. म्हातारीचं अंग बर्फासारखं गार होतं, आणि जोर मात्र असा की त्याला आवरेना. मागच्या दारानं त्यानं तिला अक्षरशः उचलून नेली, गाडीत कोंबली आणि पाइन गाठला. सुरी काढली.

पहिली रेघ उभी. आई त्याच्या हाताला लोंबकळली. "नको रे. एकदा पाठवलास ना त्याला? पुन्हा नको..."

मागे रस्त्यावर बर्फ करकरत होता. जवळ... आणखी जवळ...

आडवी रेघ.

पावलं थांबली. त्यांच्यामागे, हातभर अंतरावर.

आईनं वळून पाहिलं. काय दिसलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. त्या रात्रीपासून ती आइनारशी एक शब्दही बोललेली नाही.

शेगडीत लाकूड तडकलं.

"पुरावा काय, काका?" केर्तूनं विचारलं. पण हळू.

"काही नाही. काल गेलो होतो मी तिकडे. गुडघाभर बर्फ आहे. पाइनच्या बुंध्याशी मात्र दोन जागा मोकळ्या. पावलांएवढ्या. आत हिरवं शेवाळं दिसतं. येतानाचे ठसे नाहीत, जातानाचे नाहीत..."

काकांनी शेगडीतले निखारे सारले.

"पावलांची बोटं घराकडे."