साक्षीपट्टीचा चौथा थर

टेबलावर पाच वस्तू होत्या.

एक भाला, स्त्रियांच्या स्पर्धेतला, लांबी २.२४ मीटर, वजन ६०२ ग्रॅम. भाल्याच्या मुठीपुढे दोन बोटांवर चिकटवलेली एक साक्षीपट्टी, अंगठ्याच्या नखाएवढी, क्रमांक ०४४१७. कोरड्या बर्फाचा एक डबा. वर्तमानपत्रांतल्या सतरा कात्रणांची एक फाईल. आणि एक खाकी पाकीट, लाखेनं बंद केलेलं. त्यावर निळ्या शाईत 'तक्रारअर्ज, पाने चार' असं लिहिलं होतं आणि खाली लाल शाईत, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, 'अप्रस्तुत'.

ऋजुता मांगलेनं पाचही वस्तूंची नोंद केली, वेळ लिहिली आणि हातमोजे चढवले.

"सुरुवात करण्याआधी एक गोष्ट नोंदवावी लागेल," डॉ. हेमांगी परुळकर म्हणाल्या. त्या नव्या क्रीडा-संग्रहालयाच्या रसायनतज्ज्ञ. हा भाला संग्रहालयाच्या पहिल्या दालनात ठेवायचा की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरणार होतं. "कोठावळेसाहेब, या प्रयोगशाळेत पट्टी अखंड सोडवण्याचं कौशल्य एकट्या ऋजुताकडे आहे. पण ती सुनंदा मांगले यांची मुलगी आहे. तुमची हरकत असेल तर मी दुसरीकडे—"

"हरकत?" रणधीर कोठावळे खुर्चीत आरामात मागे रेलले. पांढरा सदरा, बोटात पोवळं. खेळाडूंच्या वापरातल्या वस्तू जमवणारा त्यांच्यासारखा माणूस राज्यात दुसरा नव्हता. "अहो, यासारखं भाग्य नाही. आईनं अकरा वर्षं मला चोर म्हटलं. आता लेकीनं सही करून सांगावं, की भाला कोठावळेंचाच. काय बाळ, करशील ना?"

"जे मोजेन ते लिहीन," ऋजुता म्हणाली.

"आईवर नाही गेलीस म्हणजे. ती मोजण्याआधीच लिहायची." त्यांनी पाकिटाकडे हनुवटी उडवली. "हे चारपानी रडगाणं अजून आहे वाटतं? मी पहिलं पान वाचलं होतं. पुढे जाववेना."

ऋजुतानं पाकिटावरची लाख तपासली. अकरा वर्षांपूर्वी, ती सोळा वर्षांची असताना, हा माणूस त्यांच्या वाळव्याच्या घरी आला होता. चहा प्याला होता, दोनदा. प्रदर्शनासाठी पंधरा दिवस म्हणून भाला घेऊन गेला. परत आला तो भाला तसाच दिसत होता, तेवढ्याच वजनाचा, पण त्यावर पट्टी नव्हती. पुढच्या आठवड्यात कोठावळेंनी जाहीर केलं, की ६१.४७ मीटरची आईची विक्रमी फेक ज्या भाल्यानं झाली, तो पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडेच आहे; मांगलेबाई स्पर्धेतला दुसराच कुठला तरी भाला मिरवत होत्या. स्पर्धेच्या नोंदवहीत भाल्याची ओळख म्हणून पट्टीचा क्रमांक होता आणि फेक होती, मालकाचं नाव नव्हतं. ज्याच्याकडे पट्टी, त्याचा भाला. आईचं प्रशिक्षकपद गेलं. आता ती मावशीची पिठाची गिरणी चालवते आणि रांगेतली पोरं तिला स्टिकरबाई म्हणतात. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते, जातं जरा मोठ्यानं चालवते.

त्या वर्षी ऋजुतानं विज्ञान शाखा घेतली. शीत-विलगनाची पद्धत बसवायला तिला सहा वर्षं लागली. बाद झालेल्या पट्ट्यांवर तिनं ती चारशे बारा वेळा केली होती. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे एकच क्रमांक असायचा.

"मला जरा सोपं करून सांगा," कोठावळे म्हणाले. "पट्टी काढली की ती बाद होते, हा नियम मला ठाऊक आहे. मग काढायची कशाला?"

परुळकर बाईंनी एक जुनी पट्टी चिमट्यात धरून उजेडात दाखवली. "ही कड दिसते? मधासारखी? हा वाढता गोंद. हवेतला ओलावा घेऊन तो कडेकडेनं वाढतो, वर्षाला साधारण दहा मायक्रोमीटर. केसाच्या जाडीचा आठवा हिस्सा म्हणा. पट्टी जितकी जुनी, तितकी वस्तूत रुतलेली असावी, पात्यानं उचकटता येऊ नये, म्हणून तो बनवला."

"आणि उचकटली तर?"

"थंड करून उचकटता येते," ऋजुता म्हणाली. "खूप थंडीत गोंद धातूपेक्षा जास्त आकसतो आणि सुटतो. पुन्हा चिकटवली तर तो वाढतच राहतो, आणि चीरही भरून काढतो. दोन-तीन वर्षांत बाहेरून काही कळत नाही."

कोठावळेंनी तिच्याकडे पाहिलं. ती डब्याचं झाकण तपासत होती.

"पण," परुळकर बाई पुढे म्हणाल्या, "वाढताना जे काही कडेला लागेल ते गोंदात अडकतं. धूळ, घाम, तेल. त्याच्यावर नवा थर चढतो. आत ना हवा ना उजेड, त्यामुळे ते तसंच राहतं. झाडाच्या खोडातली वलयं असतात ना, तसं. सतरा वर्षांचे सतरा थर. वाचायचे तर कड आरपार कापावी लागते, म्हणून पट्टी सोडवायची. एकदाच वाचता येतं. तुमची फाईल कागदाची आहे. संग्रहालयाला वस्तूची साक्ष हवी."

कोठावळे हळूहळू पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं, आणि ते हसले.

"म्हणजे हळदसुद्धा?"

"हळद?" परुळकर बाईंनी विचारलं.

"अहो, खंडेनवमी! शस्त्रपूजा! ही फाईल मी आणली कशाला?" त्यांनी कात्रणं टेबलावर पसरली. सतरा खंडेनवम्या, सतरा छायाचित्रं. प्रत्येकात कोठावळे एका भाल्याला हळदकुंकू वाहत होते. पहिल्या सहांत मुठीभोवती झेंडूची जाड माळ होती, पुढच्या अकरांत पट्टी स्पष्ट दिसत होती. "दोन हजार एकतीस साली फेब्रुवारीत स्पर्धा झाली, ऑक्टोबरात पहिली पूजा. तेव्हापासून एक वर्ष चुकलेलं नाही. मोजा तुमचे थर! एकेका थरात माझी हळद सापडेल."

"हळदीतलं करक्यूमिन सापडेल," ऋजुता म्हणाली. "निळ्या प्रकाशात ते चमकतं. ०.०२ नॅनोग्रॅमपर्यंत मोजता येतं."

"तेच ते."

"मग हे विधान अहवालात घ्यावं लागेल." तिनं कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सतराही छायाचित्रांत हाच भाला आहे आणि तेव्हा त्यावर हीच पट्टी होती. तुमच्या अक्षरात द्याल?"

"तुझ्या आईला फ्रेम करून पाठव," कोठावळे म्हणाले आणि झोकदार अक्षरात लिहून खाली सही केली. तारीखही घातली.

ऋजुतानं कागद दोनदा वाचला. अकरा वर्षं तिला या माणसाच्या तोंडावर काय काय फेकावंसं वाटलं होतं, त्याची यादी मोठी होती. आज तिला त्याचं अक्षर हवं होतं. ते मिळालं होतं.

सकाळी तिनं आईला फोन केला होता. मागे जातं घरघरत होतं.

"आई, आज तो येणारे."

"यीना का. हात थरथरू द्यायचा न्हाई. पळत येऊन थांबायचं नसतं, फेकायचं असतं."

"भाला परत मागू?"

"काय करायचाय? खांद्यातनं हात वर जाईना आता माझा." जातं थांबलं. "त्याच्या तोंडनं आलं पायजे, पोरी. माझ्या न्हाई, तुझ्या न्हाई. त्याच्या."

मुठीपुढचा भाग कोरड्या बर्फात नऊ मिनिटं राहिला. मग ऋजुतानं काचेची पट्टिका कडेखाली सरकवली. साक्षीपट्टी एका सूक्ष्म टिचक्यासरशी अखंड सुटली. चारशे तेरावी. तिनं क्रमांकावर बाद केल्याचा शिक्का मारला. ती आता बाद होती आणि कुणालाच पुन्हा कुठे लावता येणार नव्हती. कोठावळेंनी क्षणभर डोळे मिटले.

कापलेली कड तिनं थरवाचक यंत्रात ठेवली; ते बाहेरून आत सोलत जाणार होतं, सर्वांत नवा थर आधी.

"थर सतरावा," ऋजुतानं पडद्यावरून वाचलं. "२.९ नॅनोग्रॅम."

"सत्तेचाळीस सालची पूजा," कोठावळे म्हणाले. "पालकमंत्री आले होते."

सोळावा, २.७. पंधरावा, ३.३. प्रत्येक आकड्याला ते समोरचं कात्रण उलटं घालत होते, पत्ते खेळावेत तसे. अकराव्याला त्यांनी चहा मागवला. सातव्याला परुळकर बाईंना म्हणाले, "दालनात दिवे जरा पिवळे ठेवा. धातूला शोभतात."

सहावा, ३.०. पाचवा, ३.२.

"तेरा वर्षं, तेरा पूजा," कोठावळे म्हणाले. "अजून चार राहिल्या. की पुरे, बाळ? चेहरा उतरला तुझा."

ऋजुतानं यंत्र थांबवलं. "डॉक्टर, इथे पाकीट उघडाल? तिसरं पान."

परुळकर बाईंनी लाख फोडली. अर्जावर अकरा वर्षांपूर्वीचा आवक शिक्का होता, चौकशी समितीचा. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं.

"'सदर भाला एकतीस सालापासून माझ्या घरी देव्हाऱ्याशेजारी होता. दर खंडेनवमीस मी त्यास मुठीपासून पट्टीपर्यंत आमच्या शेतातील हळद लावीत असे. फक्त चौतीस साली लावली नाही. त्या वर्षी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई वारल्या. सुतक असल्याने घरात पूजा झाली नाही. पुढे सदतीस साली, पूजेच्या आधी, श्री. कोठावळे भाला घेऊन गेले.'"

त्या थांबल्या. मग बोटांवर मोजलं. "चौतीस. म्हणजे चौथा थर."

कोठावळेंच्या हातात चौथं कात्रण होतं. त्यात ते स्वतः होते, चौदा वर्षांनी तरुण, हळदीनं माखलेलं बोट भाल्याच्या मुठीपुढे टेकलेलं. कप बशीत वाजला.

"सुरू करा," परुळकर बाई म्हणाल्या.

थरवाचकाला एका थराला चाळीस सेकंद लागत.

"थर चौथा," ऋजुता म्हणाली. "०.०२हून कमी. मर्यादेखाली."

"यंत्र चुकतंय." कोठावळेंचा आवाज चढला. "पुन्हा घ्या."

"तो थर आता उरलेला नाही. एकदाच वाचता येतं."

"मग उडून गेली असेल! चौदा वर्षं म्हणजे काय थोडी झाली? इतकी जुनी हळद टिकते होय? डॉक्टर, तुम्ही सांगा, इतक्या जुन्या थरात काही राहतं का?"

परुळकर बाईंनी त्यांच्या सहीचा कागद उचलून अर्जाच्या तिसऱ्या पानाशेजारी ठेवला. "त्याहून जुने तीन थर बाकी आहेत, कोठावळेसाहेब. मोजूनच बघू."

ऋजुतानं कळ दाबली. चाळीस सेकंदांनी पडद्यावर आकडा आला आणि तिनं तो नोंदवहीत उतरवला.

थर तिसरा : ३.१ नॅनोग्रॅम.