दोन इंचांची चढाई

यंदा भाऊबीजेला आत्याबाईंना त्यांच्या भावासमोर नेऊन बसवायचंच, हे मी दसऱ्यालाच ठरवून टाकलं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, भीमाबाई. आमचं घर देवळाली प्रवऱ्यात, उसाच्या सपाट रानात; त्यांचं माहेर मात्र अकोले तालुक्याच्या डोंगरात, करवंदमाळ नावाच्या पठारावर. थोरले भाऊ सहादूमामा खुब्याचं हाड मोडल्यापासून पठार उतरू शकत नव्हते आणि आत्याबाईंचे गुडघे त्यांना पठार चढू देत नव्हते.

गेल्या वर्षी आम्ही जीप घेऊन निघालो होतो. अर्ध्या घाटात मागच्या चाकांमधला लोखंडी गोळा खडकावर टेकला आणि गाडी पोटावर बसली. ती कशीबशी सोडवून माघारी फिरावं लागलं. फिरण्याआधी आत्याबाईंनी तिथेच ताट काढलं, दिवा लावला आणि वरच्या कड्याकडे तोंड करून भावाला ओवाळलं. परतीच्या वाटेवर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या सासूबाई गप्प बसतात म्हणजे काय होतं, ते आमच्या गल्लीला विचारा.

तेव्हा जीप उचलायची! फार नाही, दोन इंच. माझी रोपवाटिका आहे आणि रोज याच जीपमधून मी रोपं पोचवते, त्यामुळे तिला सर्कशीतला उंट करून चालणार नव्हतं. काम दिलं कानिफनाथला. हा माझ्या नवऱ्याचा, सचिनचा मित्र. गावात त्याचं गॅरेज आहे, आणि आत्मविश्वासाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नाही.

"वैनी, दोन इंच म्हंजी माझ्या हातचा मळ हाय," तो म्हणाला.

आणि खरंच, काम देखणं झालं. त्याने चेसीखाली घोडे, म्हणजे लोखंडी टेकू, लावून चाकं मोकळी केली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना लांब शॅकल, म्हणजे जोडकड्या, घातल्या, धक्के झेलणारे जुने शॉकअप काढून लांब बसवले. चाक पूर्ण खाली लोंबकळवून ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हेही बघितलं. एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण जाता जाता, मला न विचारता, त्याने मागच्या बाजूला एक जादा पाटा सरकवला. आमच्याकडे प्रत्येक गाडी दुप्पट ऊस भरते, म्हणून त्याच्या गॅरेजमधून कुठलीही गाडी एक जादा पाटा घेतल्याशिवाय बाहेर पडतच नाही. हात सवयीने गेला, दुसरं काय!

रस्त्यावर जीप टणाटण उडायला लागली. मी विचारलं तर म्हणाला, "बसंल हळूहळू." मीही मान डोलावली.

निघायच्या सकाळी नवीनच पंचाईत. जीप उंच झाली, आता आत्याबाई चढणार कशा?

"आता मला काय शिडी लावनार हाय?" त्यांनी विचारलं.

शिडी नव्हती. पण भावाला बसवायला त्यांनी माळ्यावरचा चौरंग बरोबर घेतला होता. तोच मी खाली ठेवला.

"ज्यावर भावाला बसवायचं त्यावर पाय दिऊ व्हय?" असं म्हणत त्यांनी पाय दिला, आत बसल्या आणि चौरंग मागून घेऊन पदराने पुसला. दिवसभर त्या चढल्या-उतरल्या तितक्या वेळा तो पुसला गेला.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू होत होता, म्हणून सचिनला रजा नव्हती. आत्याबाई, मी आणि वाटेत काही अडलं तर हाताशी असावा म्हणून कानिफ, असे आम्ही तिघंच निघालो. संगमनेर, अकोले, राजूर मागे पडलं, डांबर संपलं, आणि दोन्ही बाजूंना कापणीला आलेली भातखाचरं आणि सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलेले उतार सुरू झाले. पायथ्याच्या वाडीत चिटपाखरू नव्हतं. तरणी माणसं द्राक्षाच्या कामाला बाहेरगावी गेलेली, त्यामुळे आत्याबाईंना डोलीतून वर नेणारे खांदे मिळणार नव्हते. जे काही करायचं ते या जीपनेच.

पहिला ओढा लागला. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत आलं, इंजिन घुरघुरलं, आणि आम्ही पलीकडे! मग घाटात तो गेल्या वर्षीचा खडक आला. आत्याबाईंनी डोळे मिटले. मी पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश गाडी घातली आणि कान देऊन बसले. काही घासलं नाही, काही वाजलं नाही. खडक खालून गुपचूप निघून गेला.

"उघडा डोळे, आत्याबाई," मी म्हणाले.

"झालं? तुमचं ते दोन इंच कामाचं निगालं की," त्या म्हणाल्या. मागे कानिफची छाती चार इंच फुगली.

पठार हाकेच्या अंतरावर राहिलं आणि वाट तुटली. पावसाने माती धुऊन नेली होती आणि तिथे गुडघाभर उंचीची दगडी पायरी उघडी पडली होती. डावीकडे कडा, उजवीकडे दरी. अशा जागी सगळे करतात तेच आम्ही केलं. गाडी हलकी करायची म्हणून सामान उतरवलं, माणसं उतरवली. आत्याबाई ताट मांडीवर घेऊन दगडावर बसल्या. मी फोर-व्हीलचा दांडा टाकला आणि रेस दिली.

पुढची चाकं चढली. मागची उडाली! एकदा, दोनदा, मग थांबेचनात. टायर दगडाला टेकतो न टेकतो तोच पुन्हा हवेत. गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला. अजून सरकला. आरशात मला नुसती दरी दिसली. मी ब्रेक दाबून धरला. कानिफने धावत येऊन चाकामागे धोंडा कोंबला. गाडी थांबली.

मी हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले.

"धनश्री, बास," आत्याबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण ताटाची कड त्यांनी घट्ट धरली होती. "हितूनच ओवाळते. तुज्या जिवापरीस भाऊबीज मोठी न्हाई."

मला रडूही आलं आणि कानिफचा रागही आला. तो मात्र गाडीखाली घुसला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरची ऐट गायब झालेली.

"वैनी, चूक माझी हाय. मी जीप न्हाई, उसाची गाडी बांधली. पाटा एवढा कडक की रिकाम्या गाडीत दबतच न्हाई, म्हनून चाक उडतंय. आन् आपन व्हतं न्हवतं तेवढं वझं पन उतरवलं."

"मग आता?"

"आता ऊस भरायचा."

ऊस नव्हता, पण दगडांना काय तोटा! आम्ही दोघांनी चपटे दगड वेचून मागच्या चाकांच्या वर नीट रचले आणि दोराने आवळले. कानिफ दर थोड्या वेळाने खाली वाकून पाट्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आजून टाका." शेवटी पाटे दबले आणि जीप अंग टाकून बसली. दगडावर पकड यावी म्हणून त्याने टायरमधली थोडी हवाही सोडली.

"एकदाच," मी आत्याबाईंना सांगितलं. "पुन्हा सरकली, तर मी स्वतःच माघारी वळवीन."

त्यांनी मान हलवली. धोंडा निघाला. मी रेस दिली. मागची चाकं पायरीला भिडली, दगडावर घट्ट बसली. गाडी थरथरली, कुरकुरली. पण उडाली नाही! नाक वर, वर, आणि मग समोर एकदम आभाळाऐवजी गवत दिसलं. कानिफने आत्याबाईंना हात देऊन पायरी चढवली, सामान वर आणलं आणि आम्ही पुन्हा गाडीत बसलो.

सहादूमामा घरासमोर घोंगडीवर बसले होते. मामींनी कडेला आधाराला काठी ठेवली होती. मामांनी आधी बहिणीकडे नाही, जीपच्या मागच्या भागाकडे बघितलं.

"भिमे, दगडं आनलीस व्हय माहेराला? हितं कमी पडली का?"

आत्याबाई हसता हसता रडायला लागल्या. चौरंग शेवटचा पुसून त्यांनी मांडला, आम्ही मामांना धरून त्यावर बसवलं. कुंकू लावताना त्यांनी हळूच विचारलं, "दादा, मागल्या साली म्या खालून ओवाळलं हुतं. दिवा दिसला का रं तुला?"

"एवढ्या लांबून दिवा कसला दिसतोय," मामा म्हणाले. "पन सन हुता. मी टोपी घालून, खाली घाटाकडं तोंड करून बसलो हुतो."

आत्याबाईंनी ओवाळलं. मग ताट खाली न ठेवता वातीत तेल घातलं आणि पुन्हा ओवाळलं. हे मागच्या वर्षीचं, हे कोणी कोणाला सांगितलं नाही.

मामांनी मामींना खूण केली. त्यांनी घरातून भाताचं एक पोतं ओढत आणलं, मग आत जाऊन दुसरं आणलं.

"ह्ये यंदाचं," मामा म्हणाले, "आन् ते मागल्या सालचं. तुझी ओवाळनी हाय, तशीच ठिवली हुती."

कानिफ उठला, पोत्यांच्या वजनाचा अंदाज घेऊन जीपमधले दगड एकेक करून खाली उतरवायला लागला.