दाबा… धरा… सोडा

या माउली, अशा पुढं या. मागं खांबाला टेकून ऐकण्यातली ही गोष्ट नव्हे. मृदंगाजवळ बसलं की आवाज कानांनी कमी आणि छातीनं जास्त ऐकू येतो, तशी जवळून ऐकायची गोष्ट आहे ही. गोष्ट देवाची नाही, तुमच्याआमच्यासारख्या दोघांची आहे, पण सुरू झाली देवाच्याच दारात. एक वाक्य अर्धं राहिलं आणि त्यापायी दोन जीव कसे टांगणीला लागले, ते आज सांगायचं आहे.

सोलापुरात शुक्रवार पेठेत सप्त्याचा शेवटचा दिवस होता. काल्याचं कीर्तन आटोपलं, हंडी फुटली, आणि वैजयंती द्रोणातला काला सांभाळत देवळाबाहेर आली तर अख्खा बोळ तुंबलेला. वळणावर एक लाल, बिनटपाची, दोनच शिटांची जुनी परदेशी गाडी आडवी अडकली होती. तिच्यामागं कीर्तनकार बुवांची रिक्षा, रिक्षामागं दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली, आणि सगळ्यांचे हॉर्न टाळ वाजावेत तसे एकदम.

"मागं घ्या की हो."

"अहो, उतरा तुम्ही. आमी उचलून ठेवतो तिला कडेला."

पौषाची थंडी असून गाडीतला तरुण घामाघूम झाला होता. नवशिका आहे म्हणून लोक हसत होते. वैजयंती हसली नाही. अक्कलकोट रस्त्यावर संगप्पा मिस्त्रींच्या शेडमध्ये ती दिवसभर गाड्यांची स्टीअरिंगं आणि ब्रेकच दुरुस्त करायची, त्यामुळं तिची नजर आधी त्याच्या पायांकडं गेली. पाय तयारीचे होते. उजवा हात चाकाशी झगडत होता. आणि डावा… डावा वर यायला निघायचा आणि छातीपाशी येऊन थांबायचा.

तिनं द्रोण त्याच्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि दारावरून आत वाकून चाक दोन्ही हातांनी धरलं.

"तुम्ही पेडलं सांभाळा. चाक मी फिरवते."

"ताई, लई जड आहे ते—"

"म्हणूनच फिरवते. घ्या हळूच मागं."

पाय त्याचे आणि हात तिचे, अशी ती गाडी दोघांनी मिळून वळवली. बोळ मोकळा झाला. तिच्या हाताचं दही चाकाला लागलं होतं आणि त्याच्या मांडीवरचा काला अर्धा सांडला होता.

"प्रसाद सांडवलात," ती म्हणाली.

"उरलेला खाल्ला तर चालेल?"

"विचारताय काय, खा की."

तो शहाजी. मूळचा कुर्डुवाडीचा, नोकरी सोलापुरात विमा कंपनीत. गाडी त्याच्या वडिलांची, सयाजीतात्यांची. तात्या रेल्वेच्या वर्कशॉपात होते. कुणाच्या तरी गोठ्यात ही गाडी पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. तात्यांनी ती आणली आणि सुट्टी-सुट्टीत उभी केली. तात्या गेले. पुढं मोटरसायकलवरून पडून शहाजीच्या डाव्या खांद्यात स्टीलची पट्टी बसली आणि हातातली ताकद गेली. आता पुण्याचा एक शौकीन माणूस गाडी मागत होता.

हे सगळं त्यानं दोन दिवसांनी शेडमध्ये उभं राहून सांगितलं. शेवटी म्हणाला, "मला चालवता आली तर ठेवीन. नाहीतर देऊन टाकीन आणि पुण्याची बदली घेईन. इथं माझं दुसरं आहे कोण?"

वैजयंतीनं गाडीभोवती एक फेरी मारली. "छोट्या गाडीचं विजेवर चालणारं पॉवर स्टीअरिंग बसवू. ब्रेकला बूस्टर लावू, पाय टेकला की लागेल. गाडी एका हातानं वळेल."

"तात्यांना नसतं चाललं. म्हणायचे, गाडी हाताशी बोलली पाहिजे."

"बोलेल की. ओरडणार नाही, एवढंच."

तो हसला, आणि मग एकदम गंभीर झाला. "होईल ना नक्की?"

"गाडी तुमच्या हातात देते," ती म्हणाली. बोलून गेली खरी, पण रात्री भाकरी थापताना तिचे हात मधेच थांबले. गाडी चालली नाही तर हा माणूस जाणार होता. तसं पाहिलं तर तिला त्याचं काय? पण तव्यावरची भाकरी करपली.

काम सोपं नव्हतं. जुन्या गाडीच्या पोटात नव्या गाडीची आतडी बसवायची होती. स्टीअरिंगचा दांडा कापून जोडावा लागला, बूस्टरला जागा करायला बॅटरी मागं न्यावी लागली. शहाजी ऑफिस सुटलं की यायचा. ब्रेकची हवा काढायची वेळ आली तेव्हा तर त्याचं कामच निघालं. ते काम एकट्याचं नसतं. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकामागं पडून स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात.

"दाबा," ती गाडीखालून म्हणायची.

"दाबलं."

"धरा… धरून ठेवा…" तेल फसफसायचं. ती स्क्रू आवळायची. "सोडा."

"सोडलं."

बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, तसं हे संध्याकाळभर चालायचं. पहिल्या दिवशी हवा निघाली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, अजून थोडी आहे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, मला पेडल जरा मऊ लागतंय. चौथ्या दिवशी संगप्पा मिस्त्री विडी बाजूला ठेवून शेडच्या दारात आले.

"यव्वा, एवढी हवा कुटनं यायलीय गं त्या ब्रेकमदी?"

"जुनी गाडी आहे, मामा."

"गाडी जुनीच हाय. हवा नवी दिसायलीय."

शहाजीनं मान खाली घातली. वैजयंती गाडीखालून बाहेरच आली नाही. मग मिस्त्रींनी खाली वाकून तिच्याशी हळू आवाजात बोलून घेतलं. "हे बघ. इंजिन चालू, तवर मदत चालू. इंजिन बंद केलं की स्टीअरिंगबी दगड आन् ब्रेकबी दगड. जुन्या चालीच्या माणसाला हे म्हाईत नसतं. त्याला सांगितल्याबिगर चावी देऊ नको."

"सांगते की मामा."

आणि ती सांगणारच होती. गाडी तयार झाली त्या संध्याकाळी तिनं हात पुसले, चावी पुढं केली आणि म्हणाली, "आता एक गोष्ट नीट ऐका. उताराला लागलात, की इंजिन—"

"आधी मी विचारू?" शहाजीनं चावी घेतली नाही. "उद्या गाडी घेऊन गेलो, की परवा मी इथं कुठल्या कारणानं यायचं?"

शेडमध्ये कुठंतरी पाना पडल्याचा आवाज झाला. तिनं वर पाहिलं, आणि जे पाहायचं नव्हतं तेच दिसलं, त्याचे डोळे. ती काहीतरी पुटपुटली… सर्व्हिसिंग असतं, महिन्यानं वगैरे.

"महिना म्हणजे लई झाला," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी ताई म्हणालो होतो, ते परत घेतो."

वाक्य तिथंच राहिलं, माउली. चावी गेली, वाक्य राहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी तुळजापूरला न्यायची ठरली. आपल्याकडं नव्या गाडीनं आधी आईचं दर्शन घ्यायचं. गाडी जुनी असली तरी स्टीअरिंग नवं होतं. रविवारी पुण्याचा माणूस येणार, त्याआधी घाट चढून-उतरून बघायचा आणि काय ते ठरवायचं. मिस्त्री म्हणाले, "शिटा दोनच. मी काय बॉनेटवर बसू व्हय? जा तुमी."

जाताना सगळं सुरळीत झालं. शहाजी घाट एका हातानं चढला, डावा नुसता टेकलेला. दर्शन झालं, बॉनेटला हळदकुंकू लागलं, चाकाखाली लिंबू फुटलं. परत निघताना त्याचा चेहरा असा उजळला होता की वैजयंतीला वाटलं, आता हा पुण्याला जात नाही. वारा तिच्या केसांत होता. घाटाचा उतार लागला.

"तात्या इथं काय करायचे, माहितीय?" शहाजी हसत म्हणाला. "आवाज बंद करायचे. म्हणायचे, उतार देवानं फुकट दिलाय, पेट्रोल कशाला जाळायचं."

त्यानं गियर काढला आणि चावी फिरवली.

इंजिन थांबलं. नुसता वारा, आणि रस्त्यावर टायरांची सळसळ. क्षणभर तिलाही छान वाटलं… आणि मग मिस्त्रींचं बोलणं आणि कालचं आपलं अर्धं वाक्य, दोन्ही एकदम आठवलं.

"इंजिन चालू करा."

"राहू दे की, किती शांत—"

जुन्या सवयीनं त्यानं ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून सोडला. बूस्टरमध्ये उरलेली मदत तेवढ्यात संपली. पुढच्या वेळी पाय टेकला तो दगडावर. त्याचं हसू थांबलं. समोर डावं वळण, आणि वळणावर कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर, जवळजवळ रस्त्याएवढा रुंद, मुंगीच्या चालीनं उतरत होता. शहाजीनं चाक फिरवलं. फिरलं नाही. डावा हात छातीपाशी येऊन थांबला.

"वैजयंती, ब्रेक लागत नाही."

"लागतो. जोरानं दाबा." आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं. "दाबा, शहाजी."

"दाबलं."

"धरा. धरून ठेवा. काहीही झालं तरी सोडू नका."

त्यानं पाठ शिटाला टेकवून सगळा जीव पायात आणला. गाडी थोडी आवरली, पण थोडीच. ट्रॅक्टर मोठा होत चालला होता. तिनं चावी फिरवली. "क्लच दाबा." गियर तिनंच दुसऱ्यात टाकला आणि दोन्ही हातांनी चाक धरलं, त्याच्या हातावरून. "आता क्लच सोडा."

"सोडला."

गाडीला हिसका बसला. इंजिन एकदा खोकलं… आणि पेटलं. दगड झालेलं चाक तीन हातांखाली एकदम लोण्यासारखं झालं. लाल गाडी ट्रॅक्टरच्या कडेनं निघाली. कडब्याची पानं दारावरून, शिटावरून, तिच्या गालावरून सरसरत गेली. पुढं मोकळी जागा होती, तिथं गाडी थांबली.

इंजिन चालूच होतं. ते बंद करायची दोघांचीही हिंमत नव्हती.

"चूक माझी," ती शेवटी म्हणाली. "इंजिन बंद केलं की स्टीअरिंग आणि ब्रेक, दोन्हींची मदत जाते. काल सांगत होते. वाक्य अर्धं राहिलं."

"मग पुरं का नाही केलं?"

"तुम्ही विचारलंत ना… कुठल्या कारणानं यायचं म्हणून." तिचे डोळे भरले. "त्यानंतर मला काही सुचलंच नाही. माझ्या कामावर विश्वास ठेवून बसलात, आणि मी… विकून टाका ही गाडी. पुण्याला जा. मी तुम्हाला अडवणार नाही."

शहाजी गाडीतून उतरला. रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला. तिला वाटलं, संपलं. तो आता चालत खाली जाईल, नाहीतर एसटीला हात करील. तिनं केसांतली कडब्याची पानं एकेक काढायला घेतली, कारण हातांना दुसरं काही काम नव्हतं.

तो परत आला. चाकामागं बसला. ब्रेकवर पाय ठेवला.

"एक पान राहिलंय," तो म्हणाला आणि डावा हात उचलला. हात छातीपाशी आला आणि थांबला. तेव्हा तीच थोडी त्याच्याकडं झुकली. त्यानं कानामागचं पान काढलं, आणि हात खाली जाता जाता तिच्या हातावर राहिला.

"दाबलंय," तो हळूच म्हणाला. "धरून ठेवलंय. आता काय करू… सोडू?"

वैजयंतीनं त्याच्या हाताकडं पाहिलं. कालपासून अर्धं राहिलेलं सगळं बोलणं तिला एका शब्दात सापडलं.

"नको."

पुण्याचा माणूस रविवारी आला, चहा पिऊन रिकामा परत गेला. सोमवारी संध्याकाळी शहाजी शेडमध्ये आला, या खेपेला कुठलंच कारण नसताना. संगप्पा मिस्त्रींनी दोघांकडं नीट पाहिलं.

"निघाली का हवा?"

"निघाली, मामा," वैजयंती म्हणाली. "सगळी."

"बरं झालं. माझं ब्रेक ऑइल संपत आलतं."

तर माउली, गोष्ट एवढीच. मिस्त्रींना आता ऐकू कमी येतं. कीर्तनाला आले की मृदंगाशेजारी बसतात, तळहात फरशीला लावून ठेका ऐकतात, आणि लाल गाडी देवळाबाहेर थांबली की ती मात्र त्यांना बरोबर कळते. तुम्ही घरी परत जाल तेव्हा कुठंतरी उतार लागेल, शांतता गोड वाटेल, आणि बोटं चावीकडं जातील. तेव्हा आमच्या संगप्पा मिस्त्रींची आठवण ठेवा. इंजिन चालू राहू द्या. आणि शेजारी बसलेल्या माणसाला सांगायचं काही अर्धं राहिलं असेल, तर ते उताराच्या आधीच सांगून टाका.