न वाजवलेलं दार

हानुस आमच्या घरात शिरला तेव्हा मी बटाटे सोलत होते आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. दार उघडल्याचा आवाज आला, मग बूट काढल्याचा. मला वाटलं, असेल बाबांचा कुणीतरी मेंढीवाला. आमच्या बेटावरच्या या गावात दार कुणी वाजवत नाही. वाजवतो तो पाद्री, आणि त्याने वाजवलं की समजायचं, समुद्रावरून कुणीतरी आता परत येणार नाही. बाकी सगळे सरळ आत येतात आणि कॉफी आहे का विचारतात.

हा काहीच विचारेना. डोकावून पाहिलं तर बैठकीच्या खोलीत एक लांबडा मुलगा… केसांतून पाणी गळतंय, गिटार मांडीवर, तारा जुळवणं चाललंय. समोर बारा रिकाम्या खुर्च्या.

"लोक उशिरा येणार का?" त्याने विचारलं.

"कसले लोक?"

"गाणं ऐकायला."

"इथे मेंढीवाल्यांची सभा आहे. कुणाच्या किती मेंढ्या डोंगरावर सोडायच्या यावर भांडण होणार. त्यावर गाणार असशील तर बस."

त्याने खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या सुरीकडे. कान लालेलाल झाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी गावात घरोघरी गाण्याचे कार्यक्रम होते. याला शेजारी, एल्स्पाकाकूकडे जायचं होतं.

"मला सांगितलं होतं, काळं घर, छपरावर गवत…"

"वा. अशी एकोणीस आहेत. तू दक्षिणेकडच्या बेटावरचा ना?"

"कशावरून?"

"तोंड उघडलंस त्यावरून."

तो हसला. एका बाजूने हसतो तो, दुसरी बाजू मागून येते. "वीस मिनिटं आहेत अजून. हाकलणार की ऐकणार?"

"गा. बटाटे सोलताना काहीतरी चालू असलेलं बरं."

तो गायला. इंग्रजीत. आवाज असा, की खिडकीबाहेरचं धुकंसुद्धा जरा थांबलं असेल. माझी सुरी तर थांबलीच. पण ते मी त्याला कळू दिलं नाही.

"कसं वाटलं?"

"आवाज चांगला आहे. गाणं खोटं आहे."

"खोटं?"

"समुद्र माझा मित्र, म्हणे. तुझे बाबा बोटीवर असतात?"

"कुणाचे नसतात?"

"ते कधी म्हणाले असं?"

त्याने गिटार खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "कोपनहेगनचा एक माणूस रेकॉर्ड काढतो म्हणतोय. इंग्रजीत गा म्हणतो. आपली भाषा बोलणारी माणसं किती… सत्तर हजार?"

"त्यातली एक इथे बटाटे सोलतेय."

गिटार उचलून निघाला तेव्हा दिसलं, त्याच्या तपकिरी स्वेटरचं कोपर उसवलंय. पूर्ण भोक.

पुढच्या शनिवारी पुन्हा दार उघडलं. बूट निघाले.

"परत चुकलो," हानुस म्हणाला.

"दोन बोटी बदलून चुकलास?"

"रस्ता अवघड आहे गं, सुन्वा."

माझं नाव कुठून काढलंन कुणास ठाऊक. एल्स्पाकाकूच असणार, दुसरं कोण. मी स्वेटर काढायला लावला. तपकिरी लोकर संपली होती, म्हणून कोपर करड्या लोकरीने विणलं. तो बनियनवर बसून कुडकुडत होता… मी मुद्दाम सावकाश विणलं.

उन्हाळाभर तो चुकत राहिला. बाबा म्हणायचे, "हा गवय्या एखाद्या दिवशी आपल्या घरी जाताना चुकला तर बरं." पण त्याच्यासाठी वाळवलेल्या मटणाचा मोठा तुकडा तेच कापायचे.

ऑगस्टमध्ये तो आला आणि चुकलो म्हणाला नाही. तेव्हाच समजलं.

"करार आलाय. दोन वर्षं तिकडेच राहायचं. सगळी गाणी इंग्रजीत."

"मग जा."

"तू थांब म्हणालीस तर —"

"मी कशाला म्हणू? तुझा गळा, तुझा करार."

शाळा मी अशीच सोडली होती, एका वाक्यात. नंतर दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडले होते. या वेळी चार दिवस लागले.

हिवाळ्यात रेडिओवर त्याचं गाणं लागलं. समुद्र अजून मित्रच होता. मी रेडिओ इतक्या जोरात बंद केला की बटण हातात आलं.

"त्या बटणाने काय घोडं मारलं तुझं?" बाबा म्हणाले. मी ते खिशात टाकलं आणि बाहेर जाऊन मेंढ्यांवर ओरडले.

मग एप्रिल. बाबा होडी घेऊन समोरच्या छोट्या बेटावर मेंढ्या बघायला गेले होते. वारा वाढला होता. मी भांडी घासत होते…

आणि दार वाजलं. तीनदा.

माझ्या हातातली बशी फुटली. दारापर्यंतची सात पावलं कशी टाकली, मला आठवत नाही. दार उघडलं. पाद्री नव्हता. काळा लांब कोट घातलेला हानुस होता, हातात गिटार.

"बाबा?" मी विचारलं.

"बाबांचं काय? आत्ताच धक्क्यावर भेटले. होडी बांधतायत."

मी त्याला ओल्या फडक्याने मारलं. खांद्यावर, मग परत खांद्यावर. "दार वाजवतात का, मूर्खा?"

त्याचा चेहरा उतरला. मी काय समजले ते आता त्याला कळलं. "तिकडे वाजवावं लागतं… सवय झाली." मग खाली बघून म्हणाला, "आणि वाटलं, सरळ आत यायचा हक्क आता उरला नसेल मला."

वाऱ्याने कोट उडाला. आत तपकिरी स्वेटर होता. एक कोपर करडं.

"बाहेर हो," मी म्हणाले. "आणि नीट ये."

दार लावलं. आत उभी राहिले. काहीच आवाज नाही. गेला वाटतं… हा माझा राग एक दिवस मला —

कडी हलली. बूट निघाले, एक, दोन. तो माझ्याकडे न बघता बाकावर बसला आणि तारा जुळवू लागला.

"करार?" मी विचारलं.

"मोडला. आता जे होईल ते इथेच, आपल्या भाषेत. ऐकणारे सत्तर हजार."

"एक कमी धर. मी अजून रागावलेय."

तो गायला. तेच गाणं, आपल्या शब्दांत. दुसऱ्या कडव्यात समुद्र मित्र नव्हता. तिथे खिडकीशी बसलेली एक आई होती, बोट दिसेपर्यंत एक शब्द न बोलणारी.

मध्येच थांबून त्याने विचारलं, "लोक उशिरा येणार का?"

मी हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्याच्या इतक्या जवळ बसले की गिटार माझ्या गुडघ्याला लागली.

"आलेत सगळे," मी म्हणाले. "गा."