दोन लाख कान

गाणं आवडलं की नाही, हे आता कुणाला विचारावं लागत नसे. कानच सांगत.

कानामागे चिकटवायची, कपाळावरच्या टिकलीएवढी एक चकती असे. लोक तिला कानटिकली म्हणत. ती गाणं ऐकवी आणि ऐकणाऱ्याच्या अंगाला काय वाटतंय तेही टिपून घेई. नाडी, घाम, आणि कानामागचा एक चिमुकला स्नायू. कुत्रा कान टवकारतो तो याच स्नायूच्या जोरावर. माणसाचे कान हलायचे कधीच थांबले, पण तो स्नायू अजून दचकतो, आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. हजारो श्रोत्यांच्या नोंदी एकत्र करून निघणाऱ्या आलेखाला श्रोतालेख म्हणत. सुख पिवळं, वैताग लाल.

अभय कुलवडे आणि सुरंगी नाईक या गायक-जोडीचं नाव ‘अर्धा कप’. त्यांच्या पहिल्या अल्बमचा श्रोतालेख पहिल्या आठवड्यात लालभडक निघाला.

लोकांनी नुसती नावं ठेवली असती तर अभयने सोसलं असतं. पण लोक चिडले होते, आणि का चिडले ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. ‘सूर बरोबर आहेत, शब्द चांगले आहेत, तरी मोबाईल भिंतीवर फेकावासा वाटला,’ असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, ‘या दोघांना पुन्हा एका खोलीत गायला लावू नका.’ सावंतवाडीच्या मासळी बाजारात एका बाईने सुरंगीला अडवून सुनावलं, “तुमचं गाणं लावलं नि माझी दोन वर्षांची नात रडायला लागली. काय घातलंयत त्यात?” कुडाळचा कार्यक्रम अर्ध्यात बंद पडला. प्रेक्षकांतून कुणीतरी चप्पल भिरकावली. ती सुरंगीच्या खांद्याला लागली, तरी तिने कडवं पुरं केलं.

गंमत अशी, की एकेकट्याने गायलेली दोघांची जुनी गाणी पिवळीच्या पिवळी होती. या अल्बमातही ते आळीपाळीने गात तिथे लोक खूश असत. पहिली तीन गाणी सोडली, तर दोन आवाज एकत्र आले, की लाल.

श्रवणविज्ञानाच्या अभ्यासक डॉ. चित्रलेखा वाळिंबे यांना हे कोडं कुतूहलाचं वाटलं. त्यांनी दोघांची परवानगी घेऊन महिनाभर तपास केला आणि निष्कर्ष सांगायला पुण्याला बोलावलं. सुरंगीला ताप होता, म्हणून अभय एकटाच गेला.

“बसा. चहा घेणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“आधी सांगा मॅडम. कुठे चुकलं? रेकॉर्डिंगमध्ये काही दोष?”

“रेकॉर्डिंग उत्तम आहे.” त्यांनी भिंतीवर आलेख उमटवला. “हे बघा, एका श्रोत्याच्या नोंदीवर माझा विश्वास नसतो. कुणाची बस चुकलेली असते, कुणाचा दात ठणकत असतो. पण दोन लाख माणसांच्या नोंदी एकावर एक ठेवल्या, की ज्याचं त्याचं दुखणं एकमेकांत विरून जातं. सगळ्यांना सारखं जे जाणवलं तेवढंच उरतं. ते गाण्यातूनच आलेलं असणार.”

“आणि काय उरलं?”

“भीती. नावडत्या गाण्याचा कंटाळा निराळा दिसतो. ही खूण मी आधी एकाच ठिकाणी पाहिली आहे. आईबाप बंद दाराआड भांडत असतात, शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो. तेव्हा लहान मुलांच्या अंगात हे असं होतं.”

अभय हसला. “आम्ही कधी भांडलोच नाही. आठ वर्षांत एकदाही नाही.”

“तसं सुरंगीही म्हणाल्या. पण द्वेषाने घसा किंचित आवळतो, आवाजात कंप येतो. एका कानाला तो ऐकू येत नाही, यंत्रालाही नीट सापडत नाही. दोन लाख कानांना सापडला. एवढे कान मिळून एकच मोठं यंत्र होतं म्हणा ना.”

अभयच्या मनात पहिला विचार आला तो सुरंगीचा. म्हणजे ती! आपण इतकं सांभाळून घेतलं, आणि ती आतून अशी?

“तिला माझा राग आहे तर,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवलं. “तुमचा आवाज काढून तिथे दुसऱ्या गायकाचा घातला. चाळीस हजार लोकांना ऐकवला. खूण गेली. मग तुमचा ठेवून सुरंगींचा बदलला. तेव्हाही गेली. एका क्षणी वाटलं, दोघांत आहे. पण सुरंगी दुसऱ्या कुणाबरोबर गायल्या की काहीच होत नाही, आणि तुमच्या आवाजात कंप उमटतो तो त्या शेजारी उभ्या राहून गात असतानाच, आणि त्यांचा आवाज दचकतो तो त्यानंतर. तो तुमच्या आवाजात आहे, अभय. त्यांच्या आवाजात प्रत्येक वेळी त्याला दिलेलं उत्तर आहे. घाबरल्याचं. सुरांत ही दोन्ही एकत्र आली तरच लोकांना जाणवतात.”

“खोटं आहे,” अभय म्हणाला.

“चौथ्या गाण्यापासून सुरू होतं. तेव्हा काय झालं होतं?”

काय झालं होतं ते त्याला लगेच आठवलं, याचीच त्याला भीती वाटली. चौथं गाणं त्याने बहिणीवर लिहिलं होतं. ती नोकरीसाठी दूरदेशी गेली तेव्हाचं. त्याची ओळ होती, ‘तुझ्यावाचून घर रिकामं’. या ओळीवर तो पंधरा दिवस बसला होता. सुरंगीने केळं सोलता सोलता म्हटलं, “असं केलं तर? ‘दाराशी तुझ्या चपलांएवढी जागा कुणी घेत नाही.’” त्याची बहीण तिला एकदाच भेटली होती. तो म्हणाला होता, “वा, छान झालं,” आणि ओळ बदलली होती.

सावंतवाडीला परतल्यावर तो थेट सुरंगीकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. ती पांघरूण लपेटून ऐकत होती.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तू शेजारी गायला लागलास की माझ्या मानेवर काटा यायचा.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? तू इतका चांगला वागत होतास रे. मला वाटलं, माझ्याच मनात खोट आहे.”

अभयला रडू आलं. त्याला मनापासून वाईट वाटलं, यात त्याला स्वतःला तिळमात्र शंका नव्हती. त्याने तिचे हात धरून माफी मागितली. पण चप्पल तर तिला लागली होती, आणि लोक अजून तिलाच बोल लावत होते. म्हणून जाहीर माफी मागायचं त्याने ठरवलं. दोन मिनिटांचं निवेदन त्याने स्वतःच्या आवाजात केलं, संगीताशिवाय. दोष माझा, असूया माझी, सुरंगीचं काही चुकलं नाही, तिची ओळ माझ्या ओळीपेक्षा चांगली होती, हे सगळं त्यात आलं. शेवटी तिचं नाव घेताना त्याचा गळा दाटून आला. तीन लाखांहून जास्त लोकांनी ते ऐकलं. पुष्कळांनी लिहिलं, असा माणूस विरळा.

आठवड्याने डॉक्टर वाळिंबे यांचा फोन आला.

“श्रोतालेख आलाय,” त्या म्हणाल्या. “बहुतेक सगळा पिवळा आहे. लोकांचा तुमच्यावर विश्वास बसला.”

“बहुतेक म्हणजे?”

“तुम्ही अकरा वेळा सुरंगींचं नाव घेतलंत. त्या अकरा ठिकाणी नाही.”

“मॅडम, मी एकेक शब्द मनापासून बोललो.”

“बोललात. मला तेच सांगायचं होतं, पण कसं ते कळत नव्हतं. खोटं बोलणाऱ्याचा आवाज वेगळा असतो, तो आम्ही ओळखतो. तुम्ही खरंच बोललात. आणि तरीही ते आहे.”

“मग ते जाणार कधी? मला कसं कळणार?”

“तुम्हांला नाही कळणार,” डॉक्टर म्हणाल्या. “लोकांना कळेल.”

सुरंगीने निवेदन ऐकलं होतं. दुपारी तिचा फोन आला. तिचा आवाज मोकळा होता, कित्येक महिन्यांत नव्हता इतका.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “बरं वाटलं रे. पुन्हा बसूया का गायला? बोल ना.”

हो म्हणायला अभयने तोंड उघडलं. आपल्याला तिच्याबद्दल आता फक्त माया वाटते आहे, हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं. निवेदन करतानाही त्याला असंच वाटत होतं.

“अभय? आहेस ना?”

त्याने फोन ठेवला आणि तिला लिहून कळवलं, की घसा बसला आहे.