भावनाची नक्कल

मोहाडीच्या आठवडी बाजारात भावनानं आपलाच आवाज ऐकला. आणि ती तर गप्प होती!

"मुलांनो, रिपीट आफ्टर मी... मेथी! फ्रेश मेथी!"

माईकवर होता जीवन, भाजीवाला. या पोराच्या नकला म्हणजे काय सांगावं! एकदा त्यानं एसटीचा हॉर्न काढला, तर अर्धा बाजार पिशव्या सावरत थांब्याकडे पळाला. त्यात म्हणे एक कंडक्टरही होता. आज त्यानं शिकवणीतल्या इंग्रजीच्या मॅडमला, म्हणजे भावनालाच पकडलं होतं. लोक पोट धरून हसत होते. भावनाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. घरी कोणी खात नसतानाही ती दर बाजारी याच्याकडूनच मेथी नेत होती... आणि हा तिलाच हसत होता?

ती समोर जाऊन उभी राहिली. जीवननं माईक झटकन खाली घेतला.

"मले मॉक करून राहिला तू?"

"मॉक... म्हणजे काय, मॅडम?"

"कोणाची नक्कल करून चारचौघांत त्याचं हसं करणं!"

"वाक्यात उपयोग?"

"जीवन मॉक्स भावना!"

"अरे वा," तो हळूच म्हणाला, "आपण दोघं एका वाक्यात... पहिल्यांदाच आलो."

शेजारची मिरचीवाली मनकर्णाबाई मध्येच बोलली, "रडते काहून, पोरी? तूबी कर त्याची नक्कल. होऊन जाऊ दे फिट्टंफाट!"

भावनानं रागारागात माईक ओढला. डावा खांदा उडवला, बाहीनं कपाळ पुसलं, जुडीवर पाणी शिंपडता शिंपडता मान तिरकी केली आणि आवाज एकदम मऊ... "मॅडम, तुमच्यासाठी कवळी जुडी... बाजूले ठेवली..."

बाजार खदखदला. मनकर्णाबाई तेवढी हसली नाही.

"अवं माय! एवढं बारीक कवा पाह्यलं तू याले?"

भावनाचे कान लालेलाल!

"मीबी असाच पाहून राहिलो होतो, मॅडम," जीवन म्हणाला. "पाह्यल्याशिवाय नक्कल येतच नाही. यालेबी मॉकच म्हणतात?"

"नाही..." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "याले दुसरा शब्द आहे."

"कोणता?"

"तूच सांग. पण दुसऱ्या कोणाच्या आवाजात नाही... तुझ्या."

जीवननं माईक बंद केला. सरपंच, कोंबडा, हॉर्न, नकलेचे सगळे आवाज गळ्यात दाटीवाटीनं उभे होते. एकेकाला मागं सारत तो म्हणाला, "भावना... तू मले आवडते."

इतका साधा, कापरा आवाज बाजारात कोणी कधी ऐकलाच नव्हता. मनकर्णाबाईनं तर मागं वळून पाहिलं, हे बोललं कोण?

भावनानं मात्र तो आवाज लगेच ओळखला.

"मलेबी," ती म्हणाली.